बॅरोला मराठीत काय म्हणायचं? आणि टेकाडच उरलं नसेल तर?

इंग्लंडातल्या विल्टशायर, डॉर्सेट भागात ब्राँझ युगातल्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांवर मातीचे गोल ढीग रचलेत, साधारण 4000 वर्षांपूर्वीचे, तिकडं त्याला बॅरो म्हणतात. विमानातून सापडलेल्या जुन्या जागा या विषयावर मी शाळेतल्या मुलांसाठी लिहितेय आणि आठवडाभर या एकाच शब्दापाशी अडकलेय. मशीनला विचारलं तर हातगाडी सांगतं, पण तो बॅरो निराळा, वाहून नेणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. आपला बॅरो जुन्या इंग्रजीतल्या 'बेऑर्ग'वरून, म्हणजे टेकडी, जर्मन 'बेर्ग' त्याचाच भाऊबंद. थडगं लिहिलं की चिरेबंदी बांधकाम डोळ्यासमोर येतं, समाधी म्हटलं की कुणीतरी महाराज, आणि दफनभूमी म्हणजे तर अख्खं कब्रस्तान. काय लिहू?

प्रतिसाद:
टेकाड लिहा ना ताई. टेकडीपेक्षा लहान, चार पावलात चढून होतं ते टेकाड. फक्त एक सांभाळा, आपल्याकडं उत्खननाच्या लिखाणात पांढरीचं टेकाड येतं, ते वस्तीचं, घरं पडून पडून राख-माती साचून पिढ्यानपिढ्या वाढलेलं. बॅरो मुद्दाम रचलेला असतो. म्हणून दफनटेकाड असा जोडशब्द करा, गोंधळ राहणार नाही.

मूळ लेखिका:
दफनटेकाड आवडला, उभे आहेत त्यांना हाच वापरते. पण माझी खरी अडचण पुढंच आहे. यातले कितीतरी बॅरो शेकडो वर्षं नांगर फिरून साफ सपाट झालेत, शेतात उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. ढिगाची माती काढायला भोवती गोल खणलेलं असायचं, ते नंतर मातीनं भरून आलं, आणि खाली सगळा चुनखडीसारखा पांढरा खडू, त्यात तेवढीच ही माती, ओल धरून ठेवते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तिथला गहू किंवा बार्ली उंच आणि हिरवी राहते नि बाकी शेत पिवळं पडतं. वरून बघितलं की पिवळ्यात हिरवं कडं! 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशा खुणा जागोजाग उठल्या होत्या. तर टेकाडच नाही त्याला टेकाड कसं म्हणू?

प्रतिसाद:
हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या रानात बुजवलेल्या विहिरीच्या जागी ज्वारी असंच करते. पाऊस ओढला की बाकी पीक माना टाकतं आणि तेवढा गोल ठिपका काळाभोर. वडील म्हणायचे, जमीन विसरत नाही. शब्दाचं म्हणाल तर खंदक नको, किल्ला आठवतो. पाणलोटाच्या कामामुळं चर हा शब्द गावागावात माहितीय, तो घ्या. गोल चर, जोडून गोलचर. आणि पिकात उठते त्या खुणेला सरळ पीकखूण, ऐकल्याबरोबर कळतं.

मूळ लेखिका:
गोलचर! किती सोपा आहे, मी वर्तुळाकार खंदकावशेष वगैरे लिहून बसले होते.

आणि ही दोन नावं वेगळी ठेवणं का गरजेचं ते वुडहेंजवरून कळतं. स्टोनहेंजजवळचीच जागा, तिला लोक नांगरानं झिजलेला मोठा बॅरोच समजत. 1925 च्या डिसेंबरात स्क्वाड्रन लीडर इन्सॉल वरून उडत असताना त्यांना पांढरं कडं आणि आत काळे ठिपके दिसले, पुढच्या जुलैत गहू उभा असताना ठिपक्यांच्या रांगाच रांगा उठल्या. मॉड आणि बेंजामिन कनिंग्टन या जोडप्यानं खणलं तेव्हा निघाले लाकडी खांबांचे खड्डे, एकात एक सहा कडी. म्हणजे बॅरो नव्हताच. विमानातून फक्त कडं दिसतं, ते कशाचं हे कुदळच सांगते. म्हणून फोटोखाली गोलचर आणि खात्री झाली तरच दफनटेकाड, असं मी ठरवतेय.

प्रतिसाद:
नागपूरकडून लिहितोय. आमच्या जुनापाणीची शिळावर्तुळं या लेखात घेणार असाल तर त्यांना बॅरो किंवा गोलचर म्हणू नका बरं, माझी विनंती आहे. ती लोहयुगातली, जवळपास 300, जमिनीवर मोठाल्या दगडांचं कडं आणि आत दगडमातीची भर. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात तिथं खणलं होतं. तिथं कडं दगडांचं आहे, चराचं नाही, आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, पिकाला सांगावं लागत नाही. दोन्हीत माणसं पुरली म्हणून एकच शब्द लावला तर फरक मरतो.

मूळ लेखिका:
बरोबर आहे तुमचं, तिथं शिळावर्तुळच ठेवते. वाक्य असं झालंय, बघा बरं: "नांगरानं दफनटेकाड नेलं, खालचा गोलचर राहिला, आणि जुलैत बार्लीनं तो दाखवला." अनेकवचन कसं करू?

प्रतिसाद:
चर पुल्लिंगी, घरसारखं नपुंसकलिंगी नाही, त्यामुळं अनेकवचनात शब्द तोच राहतो. एक गोलचर दिसला, सात गोलचर दिसले. पीकखूण मात्र स्त्रीलिंगी, तिच्या पीकखुणा.