जालना रोड ओलांडायला इशाऱ्याचे दिवे हवेत, की आधी गाड्यांचा वेग उतरवायचा?

पायीपायी (संभाजीनगर):
परवा आईला घेऊन आकाशवाणीजवळ जालना रोड ओलांडत होतो. आई सत्तरीची, गुडघे दुखतात. झेब्रा पट्टे निम्मे पुसलेले. तिने हात पुढे केला, एक रिक्षा थांबली, आम्ही निघालो आणि रिक्षाच्या पलीकडून मोटारसायकल सुसाट आली. आई दचकून मागे सरली, पिशवीतली मेथी रस्त्यावर पडली. ती उचलायला वाकणार तेवढ्यात मी तिचा दंड धरून ओढलं. घरी आल्यावर दिवसभर ती गप्प होती.

म्हणून म्हणतो, सिग्नल नाही पण लोक ओलांडतात अशा जागी बटण दाबल्यावर लुकलुकणारे दिवे लावा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये असे दिवे लावल्यावर पादचाऱ्यासाठी थांबणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. आपले पिवळे ब्लिंकर रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे नजर सरावते. समोर माणूस असेल तेव्हाच दिवा पेटला, तर चालक त्याकडे बघेल.

मोंढा नाका:
नाही पटत. इथं लाल दिव्याला जुमानत नाहीत, पिवळ्याला कोण थांबणार? खरा प्रश्न वेगाचा आहे. ताशी ५० किमीने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. ३० च्या वेगात ते आठ मीटरवर येतं. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट. झेब्राच फुटपाथइतका उंच करा, चालकाला वेग उतरवावाच लागेल. त्याला ना बॅटरी लागते ना वायर.

पायीपायी:
मग घाटी रुग्णालयात निघालेल्या रुग्णवाहिकांचं काय? मुख्य रस्त्यावर जागोजागी उंचवटे म्हणजे आतल्या पेशंटचे हाल.

बीडकर:
आमचं गाव हायवेला चिकटून आहे. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या जायलेत, मागं रिफ्लेक्टर नाही. सोलरचा दिवा लावला होता, काही महिन्यांत बॅटरीच गेली चोरीला. दिवा आहे म्हणून माणूस भरवशानं पाय टाकतो, अन् दिवा तर बंद. हे लै वाईट बघा. आधी क्रॉसिंगवर वरून उजेड पाडा, माणूस तरी दिसू द्या.

पांढरी काठी:
मला दिसत नाही. तुमचा दिवा पेटला की विझला, मला काय कळणार? बटणासोबत टिकटिक आवाज हवा. जालना रोडवर मी गाड्यांच्या आवाजावरून अंदाज घेतो, आणि ई-रिक्षा तर कळतच नाही. यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

मोंढा नाका:
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आवाज हवाच. पण पायीपायी, तुमच्या आईच्या बाबतीत दिव्याने काय फरक पडला असता? रिक्षा थांबली होतीच. रिक्षाच्या आडून आई त्या मोटारसायकलवाल्याला दिसलीच नाही. त्यासाठी थांबायची रेघ झेब्राच्या आठ-दहा मीटर अलीकडे हवी, म्हणजे पलीकडच्या लेनला माणूस दिसतो. रंगाचा एक डबा पुरतो.

पायीपायी:
रेघेचं पटलं. पण दिवा दोन्ही बाजूंना आणि दुभाजकावरही असतो, त्यामुळे रिक्षा आडवी आली तरी मोटारसायकलवाल्याला तो दिसला असता. त्यावर मी ठाम आहे.

आज आईला न सांगता घड्याळ लावलं. दुभाजकापर्यंत तीन लेन, १६ सेकंद. सेकंदाला १.२ मीटर हा नेहमीचा हिशेब धरला तर ९ सेकंदांत माणूस पोहोचायला हवा. दिव्याची वेळ तरुणांच्या चालीवर ठरवली, तर आई रस्त्याच्या मध्यावर असतानाच तो विझेल. अर्ज लिहायला घेतलाय. रेघ, वरचा उजेड, टिकटिक आणि दिवा, चारही घालतोय. उंचवट्याचं मोंढा नाका यांनी लिहून द्यावं, त्यांच्याच शब्दांत जोडतो.

मोंढा नाका:
देतो. पण उंचवटा पहिल्या ओळीत लिहा.