यामाता नो ओरोची: हा साप म्हणजे नदीच का?

मूळ मत
'कोजिकी' (इ.स. 712) या जुन्या जपानी ग्रंथातील कथा थोडक्यात अशी. स्वर्गातून हाकलला गेलेला सुसानोओ हा देव इझुमो प्रांतात 'हि' नावाच्या नदीकाठी उतरतो, तेव्हा पाण्यावरून जेवणाची एक काडी वाहत येते. वरच्या अंगाला वस्ती असणार असे ताडून तो जातो, तर एक म्हातारे जोडपे मुलीला मध्ये घेऊन रडत बसलेले दिसते. आठ मुलींपैकी सात ओरोचीने दरवर्षी एक अशा गिळल्या, आता उरलेल्या कुशिनादाची पाळी. या आठ तोंडांच्या सापाच्या अंगावर शेवाळ आणि 'सुगी' नावाची जपानी सूचिपर्णी झाडे वाढलेली, लांबी आठ दऱ्या नि आठ डोंगर, पोट सदैव रक्ताळलेले. माझ्या मते ही पूर आलेली नदीच आहे. 'निहोन शोकी' (इ.स. 720) हा दुसरा जुना ग्रंथ तर मुलीचे नावच भातशेत असा अर्थ देणाऱ्या अक्षरांनी लिहितो, आणि तांबडे पोट म्हणजे लोहवाळूने रंगलेले पाणी.

प्रतिसाद १
मला हे मुळीच पटत नाही. डोंगर खणून लोहवाळू प्रवाहात धुण्याची जी पद्धत इथल्या नद्या गढूळ करून गेली, ती फोफावली एदो काळात (इ.स. 1603 ते 1868), म्हणजे 'कोजिकी'नंतर कित्येक शतकांनी. शिवाय इ.स. 733 मध्ये पूर्ण झालेल्या 'इझुमो फुदोकी'त त्या प्रांताच्या नद्या, डोंगर, देवस्थाने यांची बारकाईने नोंद आहे, सुसानोओही आहे, पण ओरोचीचा वध नाही. नदीची स्मृती असती तर ती नदीकाठच्यांनीच आधी सांगितली असती. ही कथा सम्राटाच्या दरबाराची आहे: सापाच्या शेपटीत सापडलेली कुसानागी तलवार सूर्यदेवी अमातेरासूकडे जाते आणि पुढे राजचिन्हांतील एक ठरते, हेच तिचे प्रयोजन.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
एदो काळाचा आक्षेप मान्य, तेवढा मुद्दा मी मागे घेतो. मात्र त्याच 'फुदोकी'त इझुमोच्या निता भागातले लोखंड कठीण असून अवजारांना उत्तम असल्याची नोंद आहे. म्हणजे लोखंड तेव्हाही तिथे होते. एका ग्रंथाच्या मौनावरून कथा काठावर नव्हतीच असे म्हणता येत नाही. दरबाराने तलवार जोडली असेल. भातशेत गिळणारा साप जुना असू शकतो.

प्रतिसाद २
दोघांनीही मद्य वगळले, याचे मला वाईट वाटते. सुसानोओ बांध घालत नाही, कालवा काढत नाही. तो पुन्हा पुन्हा आंबवलेले कडक मद्य तयार करवतो, कुंपणाला आठ दारे ठेवतो, प्रत्येक दाराशी मंचावर एक पिंप मांडतो, आणि आठही तोंडे पिंपांत खुपसून साप झिंगून झोपला की मगच तलवार उपसतो. नदी मद्य पीत नाही. इवामी प्रांताच्या कागुरा या धार्मिक नृत्यात बांबू आणि कागदाचे लांबलचक साप वेटोळी घालत पिंपांपाशी येतात, तेव्हा प्रेक्षकांपुढे सापच असतो. आणि या सगळ्याआधी सुसानोओ कुशिनादाला कंगव्याचे रूप देऊन स्वतःच्या केसांत खोवतो. हा कंगवा पुराच्या कोणत्या अर्थात बसतो, ते आधी सांगा.