लाडकी बहीण: दीड हजार आले, पण शिधा कुठे गेला?

जमाखर्च (धागा काढणारा)
योजनेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी ती जाहीर केली. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५०० रुपये. वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटींचा, मग २०२५-२६ ला तरतूद ३६ हजार कोटींची. हा पैसा येतोय कुठून? आनंदाचा शिधा गुंडाळला गेला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो नि लिटरभर पामतेल, तेही सणाच्या तोंडावर. २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाटांनीच आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली. मागासवर्गीय मुलांची वसतिगृहं चालतात ते हे खातं. आईच्या खात्यात १५०० टाकायचे आणि पोराच्या वसतिगृहाला कात्री लावायची, याला मदत म्हणायचं का?

सुगरण साताऱ्याची
दादा, शिधा सणासुदीला मिळायचा, तोही दुकानदार उघडा असेल नि अंगठा उमटला तर! हे पैसे थेट बाईच्या खात्यावर पडतात. आमच्या गल्लीत दर आठवड्याला फायनान्सवाला दारात उभा राहतो. पूर्वी हप्त्यासाठी बायका शेजारी हात पसरायच्या. आता निदान एक-दोन हप्ते तरी नवऱ्याला न विचारता सुटतात. सरकार वस्तू देणार म्हणजे काय देणार ते दुसरं कुणीतरी ठरवणार. मला चणाडाळ नको, पोरीचा क्लास हवाय.

करदाता
क्लास हवाय तर कमवा. आम्ही टॅक्स भरायचा नि मतं यांनी विकत घ्यायची. राज्याच्या डोक्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज आहे. निवडणुकीत तर २१०० चा वायदा झाला होता, त्याचं काय झालं तेही विचारा.

कोपरगावकर
करदाता, टॅक्स तुम्ही एकटेच भरता काय? जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या पिठा-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. धुणीभांडी करणारी बाई दुकानातून पाच किलोची पिशवी आणते तेव्हा तीही करदाताच असते, फक्त तिला कुणी रिटर्न भरायला सांगत नाही.
आणि सुगरणताई, थेट खात्यावर पडतात हे अर्धसत्य आहे. ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारनंतर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. विधवेनं काय करायचं? टाकलेल्या बाईनं कुणाच्या पाया पडायचं? बोंब झाल्यावर मुदतवाढ मिळाली, कागदपत्रं जोडायची सोय झाली. तोवर सेतू केंद्रात रांगा. ज्या बाईला सगळ्यात गरज तिचंच नाव आधी अडकतं.

सुगरण साताऱ्याची
मान्य. मग केवायसी सुधारा, पैसे का बंद करायचे? शिध्याची रांग नि केवायसीची रांग सारखीच, पण पुढच्या महिन्याला मला परत उभं राहावं लागत नाही.

जमाखर्च
बंद करा कोण म्हणतंय? वेगळा पैसा उभा करा म्हणतोय. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली तेव्हा तिचे जनक मानले जाणारे वि. स. पागे प्रभृतींनी ती कायद्यात बसवली आणि तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर, म्हणजे पगारातून कापला जातो तो, लावला. खर्च नवा, तर करही नवा. इथे मात्र खर्च नवा आणि पैसा दुसऱ्या गरिबाच्या ताटातला.

करदाता
म्हणजे फिरून माझ्याच पगारात हात!

जमाखर्च
व्यवसाय कराची वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीतली आहे. ती वाढवायची तर दिल्लीला जावं लागेल, ते कुणी करत नाही. तुमचा पगार १९८८ चाच आहे का?