मदत हवी आहे: ऑनलाइन शिकते आहे, दिवसचे दिवस कुणाशी बोलणंच होत नाही (नागपूर)

चारोळी
नमस्कार. जरा लवकर उत्तरं द्या, पुढच्या टर्मची फी आठ दिवसांत भरायची आहे आणि भरू की नको तेच ठरत नाहीये.

अभ्यास जमतो. मार्कही बरे आहेत. पण बोलायला कुणी नाही. सोमवारी प्रोजेक्टची व्हायवा होती. सरांनी नाव सांगायला लावलं आणि माझा आवाजच फुटेना, नुसती खरखर. त्यांना वाटलं माइक बिघडला. नंतर आठवून पाहिलं, त्याआधी मी मोठ्याने बोलले होते ते शुक्रवारी किराणा दुकानात, "सुटे नाहीत" एवढंच.

असं अजून दीड वर्ष काढायचं असेल तर मला झेपणार नाही. हे सोडून रेग्युलर कॉलेज धरू का? "बाहेर पड, छंद लावून घे" हे कृपया सांगू नका. ते मी स्वतःला रोज सांगते.

तर्री
कोर्स कोणता? विद्यापीठ कोणतं? नागपुरात राहता कुठे? घरचे सोबत आहेत की नाही? यातलं काहीच लिहिलं नाही, मग लोकं सांगतीन काय?

माझा भाचा आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसला आहे. तिथे पोट्ट्यांची हाउस पाडली आहेत, कान्हा, गीर, काझीरंगा अशी जंगलांची नावं. त्याला त्यातूनच दोस्त भेटले. तुमच्याकडे असं काही आहे का?

अंबाझरी_पहाटे
ताई, तू नको म्हणालीस तरी सांगतो, कारण मला याचाच उपयोग झाला. २०२० मध्ये मी घरून काम करत होतो आणि अगदी तुझ्यासारखी गत झाली होती. पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावावर जायला लागलो. पहिले पंधरा दिवस कुणी बोललं नाही. मग एक आजोबा रोज हात वर करायला लागले. आज त्यांच्या नातीच्या लग्नाला जाऊन आलो.
आणि घरात आईजवळ बसत जा. संध्याकाळी ती पोळ्या करते तेव्हा लाटायला घे, आपोआप बोलणं होतं.

दोनडिग्र्या
रेग्युलर धरायच्या आधी एक लक्षात घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. त्याच वर्षीपासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. म्हणजे हे चालू ठेवून दुसरं कॉलेजही धरता येईल. फक्त संस्थेला मान्यता आहे की नाही ते यूजीसीच्या साइटवर तपासून घ्या.

त्रिमूर्तीनगरची_काकू
अरे, डिग्री चालते का असं कुठं विचारलं तिने? पोरीचा आवाज बसला आहे न बोलून, ते वाच आधी.

चारोळी
सॉरी, लिहायला हवं होतं. आयआयटीचा कोर्स नाही. नाव लिहीत नाही, कारण तीन मेल टाकले तरी मेंटॉरचं उत्तर नाही आणि मला उगाच वाद नकोत. डेटाचा कोर्स आहे, सगळे व्हिडिओ रेकॉर्ड केलेले.

आई इथे नाही. मी एकटी राहते, मनीषनगरला रूम करून. गाव गडचिरोली जिल्ह्यात, कोरचीच्या पुढे. तिथे नेटवर्क टिकत नाही, व्हिडिओ उघडतच नाही, म्हणून तर नागपूरला आले. बाजाराच्या दिवशी आई कोरचीला येते तेव्हाच तिचा फोन लागतो.

डबा लावला आहे. आधी डब्याच्या ताई वर येऊन देत, दोन शब्द होत. आता त्यांना घरं जास्त झाली, साडेबाराला गेटच्या खिळ्याला पिशवी लटकवून जातात. पिशवीचा आवाज आला की मी पळत खाली जाते, तोवर गाडी वळलेली असते.

शांतचित्त
यावर एकच खात्रीचा उपाय आहे, विपश्यना. आपल्या माहुरझरीला धम्मनाग केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, राहण्या-जेवणाचा एक रुपया मागत नाहीत, शेवटी मनात आलं तर दान द्यायचं. नऊ दिवस पूर्ण मौन. फोन, पुस्तक, वही काही नाही. एकटेपणा बाहेर नसतो, आत असतो, हे तिथे कळतं. माझं आयुष्य बदललं, म्हणून कळकळीने सांगतो.

त्रिमूर्तीनगरची_काकू
दादा, तुमच्या विपश्यनेला माझा नमस्कार. पण जिला चार दिवसांत बोलायला माणूस मिळाला नाही तिला तुम्ही नऊ दिवस मौन सांगून राहिले? उपाशी माणसाला उपास सांगायचा का?

शांतचित्त
काकू, मौन आणि एकटेपणा वेगळे आहेत. तिथे हॉलमध्ये कितीतरी माणसं शेजारी बसलेली असतात. चारला घंटा होते, सगळे सोबत उठतात. मला तर तिथे जितकी सोबत वाटली तितकी ऑफिसात कधी वाटली नाही.

त्रिमूर्तीनगरची_काकू
ते तुम्ही रोज ऑफिसात बोलून बोलून थकले होते म्हणून. हिचं उलटं आहे. आणि शिबिराचा फॉर्म भरतानाही मनाची तब्येत विचारतात, ती उगाच नाही. आधी तिची झोप-जेवण कसं आहे ते तर कळू द्या.

चारोळी बेटा, मी ४१ व्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. पुस्तकं घरी यायची, पण रविवारी संपर्क सत्र असायचं. शिकवणं अर्धं डोक्यावरून जायचं, मी जायची ते मधल्या सुट्टीसाठी. पाच जणी पेपरावर डबे उघडून बसायचो. त्यातल्या तिघी अजून माझ्या घरी हळदी-कुंकवाला येतात. तुझ्या कोर्सला असं काहीच नाही का?

आणि आता खरं सांग. झोप लागते का? जेवण जातं का? जगणंच नको वाटतं, असं कधी मनात येतं का? यायला लागलं तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी पण आहे. तिथे गेलं म्हणजे कुणी वेडं होत नाही.

चारोळी
काकू, तसं मनात येत नाही. पण झोपायला पहाटेचे चार होतात, कारण रात्री कोर्सच्या ग्रुपवर कुणीतरी जागं असतं. तिथे फक्त असाइनमेंटच्या डेडलाइन आणि उत्तरं टाकतात, तरी हिरवा ठिपका बघत बसते. नंबर लिहून ठेवला.

निवृत्त_मास्तर
मी पस्तीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची दोन वर्षं कॅमेरा बंद केलेल्या काळ्या चौकोनांना शिकवलं, म्हणून तुझ्या सरांच्या बाजूचंही थोडं कळतं. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचं म्हणणं असं, की या शिक्षणातलं अंतर किलोमीटरचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो, कोर्सची चौकट किती घट्ट आहे, त्यावर ते ठरतं. व्हिडिओ चोख, वेळापत्रक चोख, पण मध्येच हात वर करायला जागा नाही, तर मुलगी विद्यापीठाच्या शेजारी राहत असली तरी लांबच. दोष तुझ्या स्वभावात शोधू नकोस.

दोन प्रश्न. लाइव्ह तास अजिबात नाहीत का? आणि परीक्षा घरून देतेस की केंद्रावर?

चारोळी
सर, बुधवारी रात्री शंकांचा तास असतो. तीनेकशे जण येतात, फक्त चॅटमध्ये लिहायचं. परीक्षा केंद्रावर असते, टर्ममध्ये तीन वेळा, रविवारी. पुढची याच रविवारी आहे.

निवृत्त_मास्तर
नागपूरच्याच केंद्रावर? तुझ्या कोर्सची किती मुलं असतात?

चारोळी
४०-५० असतील. गेटवर हॉल तिकीट धरून रांगेत उभे असतात. पेपर झाला की सगळे मोबाइल काढून कॅब बघतात आणि जातात. मीही तेच करते.

निवृत्त_मास्तर
म्हणजे तुझा वर्ग याच गावात आहे. टर्ममध्ये तीनदा एका रांगेत उभा राहतो.

तर्री
हौ ना! आणि त्यातले अर्धे रूमवर तुझ्यासारखेच पडून असतीन.

मी सांगतो ते ऐक. मी एमपीएससी करत होतो तेव्हा प्रतापनगरच्या एका अभ्यासिकेत बसायचो. आत बोलायची बंदी, पण चारला सगळे खाली टपरीवर. एकदा तापाने दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी टपरीवाला म्हणते, "काऊन बे, बिमार होता का?" तेवढं एक वाक्य मला अजून आठवते. परीक्षा निघाली नाही, पण त्या दोन वर्षांत मी एकटा नव्हतो. तू मनीषनगरची आहे, उज्ज्वलनगरवरून मेट्रो धर, धरमपेठ-शंकरनगरकडे जा. तिकडे अभ्यासिका भरपूर आहेत.

दोनडिग्र्या
अभ्यासिकेत वायफाय चांगलं नसतं. व्हिडिओ आधी डाउनलोड करून न्यावे लागतील. त्यापेक्षा घरी फायबर घ्या.

तर्री
घरी फायबर घेऊनच तर ही गत झाली ना भाऊ.

अंबाझरी_पहाटे
अभ्यासिकेची फी, मेट्रोचं भाडं, कशाला? पहाटे तळं फुकट आहे.

त्रिमूर्तीनगरची_काकू
ती चारला झोपते, साडेपाचला तळ्यावर कशी येईल? आणि अंधारात एकट्या पोरीला तिकडे पाठवू नका.

गोरेवाडा_पाखरू
मी इग्नूतून एमए करते आहे, नोकरी सांभाळून. एक साधी गोष्ट करून बघ. मी आणि अमरावतीची एक मुलगी रात्री आठ ते दहा व्हिडिओ कॉल लावून ठेवतो. आवाज बंद. ती तिचं वाचते, मी माझं. पन्नास मिनिटं झाली की आवाज चालू, दहा मिनिटं गप्पा, कुणी काय खाल्लं, कुणाला काय अडलं. पहिल्यांदा विचारताना मला खूप लाज वाटली होती. "माझ्यासोबत अभ्यासाला बसशील का" असं कोण विचारतं? पण ती म्हणाली, मीच विचारणार होते.

चारोळी
सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट वर लिहिली नाही, लिहू की नको कळत नव्हतं.

गावात सगळ्यांना वाटतं मी नागपूरला कॉलेजात जाते. लॅपटॉप म्हणजेच कॉलेज हे आईला दोनदा सांगून पाहिलं, तिला पटलं नाही. "मग रूम कशाला केली, घरी बस," म्हणाली. बाबांनी धान विकून फी भरली. म्हणून गेल्या वर्षी एकदा तिने विचारलं, मैत्रीण मिळाली का, तर मी हो म्हटलं. नाव विचारलं, तर प्रणाली सांगितलं. अशी कुणी नाही.

तेव्हापासून आई प्रत्येक फोनवर प्रणाली कशी आहे विचारते. गावचं कुणी मेडिकलला दाखवायला येत असलं की त्याच्याजवळ मोहाच्या लाडवांचे दोन डबे येतात. एक माझा, एक प्रणालीचा. माझा मी खाते. दुसरा उघडवत नाही. मागच्या आठवड्यात आलेला तसाच आहे, आईने झाकणाला बांधलेल्या सुताच्या गाठीसकट.

त्रिमूर्तीनगरची_काकू
पोरी.
तो डबा रविवारी घेऊन जा. पेपर सुटला की गेटवर उघड. "गावावरून लाडू आले आहेत, घ्या." दुसरं काही बोलावं लागत नाही. मोहाचा लाडू म्हटलं की तेच विचारतील, कुठला, कसा करतात.

शांतचित्त
हे बरोबर आहे. शिबिराचं राहू द्या सध्या, काकू म्हणतात ते करा.

तर्री
आईला सांगून टाक ना सरळ. माय समजून घेते.

निवृत्त_मास्तर
तर्री, तिला तिच्या वेळेने सांगू दे. आधी रविवार होऊ दे.

चारोळी
आईला आत्ता सांगायची हिंमत नाही. फी भरायला अजून पाच दिवस आहेत, रविवारनंतर ठरवते. डबा नेते. गेटवर उघडणं जमेल की नाही माहीत नाही, पण बॅगेत ठेवला आहे. पाखरू ताई, तुम्हाला निरोप पाठवला आहे, आठ ते दहाच्या वेळेबद्दल विचारलं आहे.

तर्री
केंद्र कोणतं आहे? माझी बहीण तिकडेच राहत असेल तर तिला पाठवतो.

त्रिमूर्तीनगरची_काकू
चारोळी, केंद्राचं नाव इथे उघड लिहू नकोस, मला निरोपात कळव. आणि डब्याच्या बुडाला नेलपेंटने तुझं नाव लिही. आईला डबा परत लागेल.