गुडघा अधू असताना स्कीची निवड

उत्तराखंडातल्या औलीला बर्फावर घसरण्यासाठी आपल्या उंचीइतकी लांब स्की (पायाला बांधायची पट्टी) घ्यावी का, असे आपण विचारले आहे. डावा गुडघा कमजोर असताना ती हनुवटीपर्यंतच येणारी, लवचीक आणि पायाखाली अरुंद असावी, कारण घट्ट बर्फावर रुंद स्की वळण्यासाठी कडेवर तिरकी करताना गुडघ्याला पीळ बसतो. आमच्या दारव्हा तालुक्यात बर्फ कुठला, पण कपाशीत दिवसभर वाकणाऱ्या गुडघ्यांची दुखणी ओळखीची आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी यवतमाळला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून यावे. त्याहून महत्त्वाचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड: ती किती जोराने सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरतो. म्हणून भाड्याच्या दुकानात आपले कौशल्य फुगवून सांगू नये; आकडा वाढतो आणि पडल्यावर स्की वेळेवर सुटत नाही.