दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात असं नाही
चारही ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे) नवे टाकूनही थंड इंजिन पांढरा धूर ओकतं आणि उशिरा धरतं म्हणताय, तर आता प्लग सोडा, करंट तिथवर पोचतोय का ते बघा. डॅशबोर्डवरच्या ग्लो प्लगच्या दिव्यावर विसंबू नका, बऱ्याच जुन्या इंजिनांत तो फक्त टायमरचं ऐकतो. चावी फिरवून सगळ्या प्लगांना करंट देणाऱ्या धातूच्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२ आणि पट्टीवर ८-९ व्होल्ट दिसले तर रिलेचे (प्लगांचा करंट चालू-बंद करणारा स्विच) जळके पॉइंट किंवा गंजलेलं टर्मिनल. शून्य असेल तर आधी फ्यूज. प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मात्र पट्टी काढूनच मोजा, नाहीतर मेलेला प्लग बाकीच्यांच्या आड लपतो. आणि प्लगवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय थेट बॅटरी लावू नका. काही जुने प्लग १२ व्होल्टचे नसतातच, क्षणात जळतील.