झुंजुमुंजु, अरुणोदय, फांतोड... सगळं एकच का?

म्हापशेकर: सूर्य वर आलेला नाही पण ठार काळोखही नाही, त्या वेळेला नेमकं काय म्हणायचं? आमच्याकडे पहाट म्हटली की तीनपासून सहापर्यंत काहीही चालतं. आजी झुंजुमुंजु म्हणायची, शेजारी कोंकणीत फांतोड म्हणतात, कॅलेंडरवर अरुणोदय असतो. वाड्यावरच्या मुलांना नरकासुर पहाटे का जाळतात, अभ्यंगस्नान कधी, हे सांगायचंय, म्हणून नीट हवंय.

पेडण्याची लेक: एकच नाही हो, मागेपुढे आहेत! झुंजुमुंजु म्हणजे अंगणातलं तुळशीवृंदावन दिसतं पण तुळशीची पानं वेगळी दिसत नाहीत, वाटेवरून कोणीतरी येतंय हे कळतं पण कोण ते ओळखू येत नाही. मग तांबडं फुटतं. चेहरा ओळखू आला की फटफटलं, उजाडलं. रात्रभर दशावतार बघून दहीकाल्यानंतर घरी चालत निघालात तर हे सगळं एकाच वाटेवर बघायला मिळतं, मला तर नाटकाइतकंच ते आवडतं. इतका सुंदर शब्द आहे, मुलांना झुंजुमुंजुच शिकवा.

घटिकापात्र: अरुणोदय मात्र हिशोबाचा शब्द आहे. सूर्योदयाआधी ४ घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ९६ मिनिटं. त्यातली पहिली ४८ मिनिटं ब्राह्ममुहूर्त. आता गोव्यात सूर्योदयाआधी साधारण सव्वा तास आकाशात उजेडाची सुरुवात होते, त्यामुळे अरुणोदय लागतो तेव्हा बाहेर चक्क चांदण्या असतात, नाव ऐकून लाली शोधायला गेलात तर काही दिसायचं नाही. अभ्यंगस्नानाची वेळ ह्या हिशोबाने बघतात, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाने नाही.

मिरामार वॉकर: वरच्यांना जोडून. खगोलवाले सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे त्यावर संधिप्रकाशाचे टप्पे करतात, १८, १२ आणि ६. शेवटचा ६ अंशांचा टप्पा आपल्याकडे २२-२४ मिनिटांत उरकतो कारण सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तिकडे लंडनला जूनमध्ये तर रात्रभर पूर्ण काळोखच होत नाही. आणि एक सांगतो, गोव्यात समुद्र पश्चिमेला म्हणून पहाटे किनाऱ्यावर काय बघायचं असं लोक म्हणतात, पण आकाश स्वच्छ असेल तर त्या शेवटच्या वीसेक मिनिटांत समुद्राकडेच तोंड करून उभे राहा, पाण्यालगत निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली! सूर्य वर येतो तशी ती खाली खाली जात समुद्रात बुडते. मुलांना घेऊन जाच.

म्हापशेकर: खूप आभार सगळ्यांचे, तुळशीच्या पानांची खूण मुलांना लगेच कळेल. आता फक्त फांतोड राहिलं, ती तांबडं फुटायच्या आधीची की नंतरची? सत्तरी-काणकोणकडचं कोणी असेल तर तुमच्याकडे कसं म्हणतात ते लिहा.